थायलंड-सिंगापूरला निघालेल्या चौदा जणांच्या कुटुंबासाठी : फसू नये आणि कोणाला दुखवूही नये

आपण अमळनेरचे निवृत्त शिक्षक आहात. पुढच्या महिन्यात आपण, आपल्या पत्नी, दोघे भाऊ, रावेरचे मेहुणे, मुले, सुना आणि नातवंडे असे चौदा जण आधी थायलंड आणि मग सिंगापूर पाहणार आहात. सर्वांचाच हा पहिला परदेश प्रवास आहे. तिथे कोणी फसवू नये, आपल्या वागण्याने कोणाचा अवमान होऊ नये, घरातल्या बायकांनी दागिने घालून जावे का, सोबत काय न्यावे आणि केळी बागायतदार असलेल्या मेहुण्यांना तिथून रोपे आणता येतील का, असे आपले प्रश्न आहेत. शिवाय खान्देशी माणसाच्या मोठ्या आवाजाबद्दल आपण काळजीने लिहिले आहे. मी जळगावहून गेली अनेक वर्षे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील प्रवाशांना घेऊन आग्नेय आशियात जात असतो. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

फसवणूक आणि अनादर या दोन निरनिराळ्या गोष्टी वाटतात. परंतु प्रवासी फसतो तेव्हा आणि त्याच्याकडून कोणाचा अवमान होतो तेव्हा, दोन्ही वेळी कारण बहुधा एकच असते. ते कारण म्हणजे समूह. चौदा जण एकत्र चालू लागले की प्रत्येकाचे लक्ष आपल्याच माणसांकडे असते. कोण मागे राहिले, कोणाला पाणी हवे, नातू कुठे गेला, याच चर्चेत दिवस जातो आणि भोवतालचा देश डोळ्यांपुढून निघून जातो. पुढच्याने चप्पल घालून पायरी चढली की मागचे तेरा जण चढतात. एकाने दुकानात पैसे मोजायला काढले की बाकीच्यांना तो व्यवहार तपासलेलाच वाटतो. एकटा किंवा दुकटा प्रवासी मात्र दारात क्षणभर थांबतो आणि स्थानिक लोक काय करतात ते पाहून मगच पाऊल टाकतो. म्हणून माझा पहिला आग्रह असा की, बस आणि हॉटेल एकत्र असले तरी मंदिरात, बाजारात आणि उपाहारगृहात आपण चार-चार, पाच-पाच जणांच्या तुकड्या करून फिरावे. प्रत्येक तुकडीत एक जण पैशांचा आणि एक जण वेळेचा जबाबदार असावा. ही जबाबदारी केवळ मुलांवर आणि सुनांवर टाकू नये. वडीलधारी माणसे लोकांचे निरीक्षण करण्यात तरुणांपेक्षा सरस असतात, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आता फसवणुकीविषयी. बँकॉकमध्ये ग्रँड पॅलेस या राजवाड्याच्या परिसरात नीटनेटक्या कपड्यांतला, गोड बोलणारा एखादा गृहस्थ आपल्याला थांबवेल आणि सांगेल की आज राजवाडा बंद आहे, काही धार्मिक विधी चालू आहे, दुपारनंतर उघडेल. तोवर अगदी कमी पैशांत टुकटुकने, म्हणजे तिथल्या तीनचाकी रिक्षाने, दुसरी मंदिरे दाखवतो, असेही तो सुचवेल. त्या फेरीत एक-दोन मंदिरे खरोखरच दाखवली जातात आणि शेवटी टुकटुक रत्नांच्या किंवा कपडे शिवून देणाऱ्या दुकानापुढे थांबते, जिथे चालकाला गिऱ्हाईक आणल्याचे पैसे मिळतात. राजवाडा एरवी रोज सकाळी साडेआठपासून दुपारी साडेतीनपर्यंत तिकीटविक्रीसाठी उघडा असतो. तो बंद आहे की नाही हे प्रवेशद्वाराशी जाऊन गणवेशातील कर्मचाऱ्यालाच विचारावे. रस्त्यावर मिळालेली माहिती, ती कितीही सौजन्याने दिलेली असो, ग्राह्य धरू नये. रत्नांच्या बाबतीत जळगावकरांना मी विशेष सावध करतो. सोन्याच्या पेठेत वाढल्यामुळे आपल्याला धातूची पारख असते आणि त्या आत्मविश्वासात आपण माणिक-नीलमही पारखू पाहतो. तापवून रंग उजळवलेला नीलम आणि नैसर्गिक रंगाचा नीलम यांतला फरक प्रयोगशाळेतील तपासणीवाचून सांगणे जाणकारालाही कठीण असते. ‘आजच सरकारी सवलत आहे, भारतात नेऊन दुप्पट किमतीला विका,’ असे कोणी म्हणाले की तिथून शांतपणे उठावे.

पटाया आणि फुकेत येथे पाण्यावर चालवायच्या जेट स्कीचा प्रकार याहून त्रासदायक आहे. वाहन परत करताना आधीच पडलेल्या ओरखड्यांचे खापर आपल्यावर फोडून हजारो बाट (थायलंडचे चलन) मागितले जातात, आणि त्या वेळी भोवती चार-पाच माणसे उभी असतात. मुलांना ही हौस करायचीच असेल तर वाहन घेण्यापूर्वी मालकासमोर त्याचे सर्व बाजूंनी चित्रीकरण करावे आणि तारण म्हणून पासपोर्ट कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. वाद झालाच तर पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक त्याच्यासमोरच लावावा. या क्रमांकावर इंग्रजीत बोलता येते आणि नुसता फोन लावला तरी मागणी खाली येते, हा अनेक प्रवाशांचा अनुभव आहे.

पैशांबाबत थोडक्यात सांगतो. एका प्रवासासाठी माणशी ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंतचेच परकीय चलन नोटांच्या रूपात नेता येते. बाकीची रक्कम फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन भरलेल्या बँकेच्या कार्डावर, ठेवावी. रोख रक्कम एकाच्याच पर्समध्ये न ठेवता तुकड्यांमध्ये वाटून द्यावी. थायलंडमध्ये परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढताना प्रत्येक वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक शुल्क पडते, म्हणून थोडे थोडे काढणे महागात जाते. दुकानातील यंत्रावर रुपयांत पैसे द्यायचे की बाटमध्ये असा पर्याय आला तर नेहमी बाट निवडावा, कारण रुपयांत देताना लावला जाणारा दर जवळजवळ नेहमीच तोट्याचा असतो. बँकॉकच्या टॅक्सीत बसण्याआधी मीटर लावायला सांगावे. चालक नकार देत असेल तर हुज्जत न घालता दुसरी टॅक्सी पाहावी किंवा ग्रॅबसारखे गाडी बोलावण्याचे ॲप वापरावे. आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वीची आहे. थायलंडने १ मे २०२५पासून परदेशी प्रवाशांना आगमनाचे डिजिटल कार्ड आधी भरणे सक्तीचे केले आहे आणि सिंगापूरचेही तसेच कार्ड आहे. दोन्ही पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरायची असतात आणि दोन्ही निःशुल्क आहेत. त्यांच्या नावाने पैसे घेणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत. व्हिसाचे नियम मधूनमधून बदलत असल्यामुळे ते मात्र निघण्याच्या सुमारास त्या त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच पाहावेत.

आपण आवाजाचा प्रश्न काढला हे फार बरे केले. आपल्याकडे शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलण्याची सवय असते, आणि मोठ्या आवाजात बोलणारा माणूस आपल्याला मोकळ्या मनाचा वाटतो. थायलंडमध्ये चारचौघांत आवाज चढवणे म्हणजे स्वतःवरचा ताबा सुटणे, असे समजले जाते. खोलीत एसी चालत नाही म्हणून आपण स्वागतकक्षात जोरात बोललो तर समोरची तरुणी हसत राहील आणि हळूहळू बोलेनाशी होईल. ते हसू होकाराचे नसते, अवघडलेपणाचे असते. काम करून घ्यायचे असेल तर एकानेच जावे, आवाज खाली ठेवावा, खोलीचा क्रमांक आणि अडचण कागदावर लिहून द्यावी आणि किती वेळ लागेल ते विचारून थांबावे. पाच-सहा जणांनी टेबलाभोवती उभे राहिल्याने काम लवकर झाल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही. बाजारात घासाघीस जरूर करावी, ती तिथेही चालते. मात्र हसतमुखाने करावी, वस्तूवर किंमत छापलेली असेल तिथे करू नये, आणि आपण सांगितलेल्या भावाला विक्रेत्याने होकार दिल्यावर वस्तू तशीच टाकून निघून जाऊ नये. असे निघून जाणे हा उघड अपमान आहे.

आणखी एक सवय आवर्जून सोडावी. आपली अहिराणी किंवा मराठी इथे कोणाला कळते, या भरवशावर समोरच्या माणसाच्या कपड्यांवर, रंगावर किंवा खाण्यावर बोलले जाते. शब्द कळले नाहीत तरी नजर आणि हशा कळतो. पटायातील अनेक दुकानदारांना तर कामापुरते हिंदी चांगले समजते.

मंदिरांच्या बाबतीत आपल्याला बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील आणि त्या ओळखीमुळेच काही चुका होतात. पादत्राणे काढणे, हात जोडणे हे आपल्याला शिकवावे लागत नाही. परंतु बुद्धमूर्तीसमोर बसताना पाय मूर्तीकडे न करता मागे दुमडून बसायचे असते, मूर्तीवर किंवा चौथऱ्यावर चढायचे नसते आणि मूर्तीकडे पाठ करून हसतखेळत छायाचित्रे काढणे तिथल्या लोकांना आवडत नाही. ग्रँड पॅलेसच्या आवारातील वाट फ्रा केव म्हणजे पाचूच्या बुद्धाच्या मुख्य मंदिरात छायाचित्रणालाच मनाई आहे. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये आणि वस्तूही थेट त्यांच्या हातात देऊ नये. मस्तक हा शरीराचा पवित्र भाग मानला जात असल्याने लहान मूल कितीही गोड दिसले तरी त्याच्या डोक्यावरून हात फिरवू नये. आपल्या आजी-आजोबांचा हात अशा वेळी आशीर्वादासाठी सहज पुढे जातो, म्हणून त्यांना हे आधीच सांगून ठेवावे. कपड्यांविषयी म्हणाल तर खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पुरुषांची अर्धी चड्डी राजवाड्यात चालत नाही. साडी चालते, मात्र ब्लाउज बाह्यांचा असावा.

वाट फ्रा केवच्याच आवारात भिंतींवर रामकियेन, म्हणजे थायलंडचे रामायण, १७८ चित्रांत रंगवलेले आहे. आपल्याकडचे प्रवासी ते पाहून भारावतात, आणि मला त्याचा आनंद आहे. पण त्यानंतर लगेच एक वाक्य येते, ‘हे सगळे आपल्याकडूनच इथे आले.’ दहा मिनिटांत चार जण हे वाक्य बोलतात आणि थाई मार्गदर्शकाचा चेहरा उतरतो. रामकथा भारतातून तिकडे गेली हे खरे आहे आणि मार्गदर्शकही ते स्वतःहून सांगतो. परंतु चक्री घराण्याचे पहिले राजे राम पहिले यांच्या काळात तिथे जे काव्य सिद्ध झाले, ते त्यांचे आहे. त्यातील हनुमान ब्रह्मचारी नाही. त्याच्या प्रेमकथा आहेत. हे ऐकून आमच्यातील काही जण मार्गदर्शकाशी वाद घालतात, त्याला चूक ठरवतात. आपण शिक्षक आहात. एक कथा दुसऱ्या भूमीत जाऊन कशी वाढते हे पाहण्याची संधी म्हणून आपल्या नातवंडांना ती चित्रे आपणच समजावून सांगावीत, असे मला मनापासून वाटते. बँकॉकमधील एरावन येथील चतुर्मुख ब्रह्मदेवाच्या देवळातही हेच लक्षात ठेवावे. तिथे फुलांचे हार, उदबत्त्या आणि नवस फेडण्यासाठी सादर होणारे नृत्य या त्यांच्या पूजापद्धती आहेत. आपण दर्शन घ्यावे, आपल्या पद्धतीचा आग्रह धरू नये.

राजघराण्याविषयीचा मुद्दा श्रद्धेचा आहे आणि कायद्याचाही. थायलंडच्या दंडसंहितेच्या कलम ११२नुसार राजा, राणी, युवराज किंवा राजप्रतिनिधी यांच्या अवमानासाठी प्रत्येक गुन्ह्यामागे ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. पारावर बसून राजकारणावर बोलण्याची आपली सवय विमानतळावरच ठेवावी. राजाच्या चित्रावर विनोद करू नये, समाजमाध्यमांवर तर मुळीच नाही. नोटांवर राजाचे चित्र असल्याने वाऱ्याने उडालेली नोट पायाने अडवू नये. सकाळी ८ आणि सायंकाळी ६ वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागते. भोवतालचे लोक उभे राहिले की आपणही चालणे थांबवून उभे राहावे.

पटायाबद्दल लोक प्रश्न विचारीत नाहीत, म्हणून मी स्वतःहून लिहितो. आपल्यासोबत तरुण मुलगे आहेत. रात्री वॉकिंग स्ट्रीट या बार आणि करमणुकीच्या रस्त्यावर समूहाने फिरताना तिथे काम करणाऱ्या स्त्रियांकडे बोटे दाखवणे, न विचारता त्यांचे चित्रीकरण करणे, अंगाला हात लावून भाव विचारणे आणि हसत निघून जाणे हे प्रकार भारतीय पुरुषांच्या गटांकडून घडतात आणि तिथले लोक त्याबद्दल रागाने बोलतात. त्या स्त्रिया पोटासाठी काम करीत आहेत आणि आपल्या गावातील कोणत्याही कष्टकरी बाईइतकाच मान त्यांना मिळाला पाहिजे. ज्यांना तिथे जायचे नाही त्यांनी जाऊ नये, त्यात काही उणे नाही. जे जातील त्यांनी कॅमेरा खिशात ठेवावा आणि दरपत्रक न दाखवणाऱ्या ठिकाणी बसू नये, कारण बिलावरून होणारी भांडणे तिथूनच सुरू होतात. हत्तीवरची सफर आणि वाघाशेजारी बसून छायाचित्र हे कार्यक्रम माझ्या मते टाळावेत. माणसाला पाठीवर बसू देण्यासाठी हत्तीला लहानपणापासून कसे वठणीवर आणले जाते हे ज्याने वाचले आहे, त्याला त्या सफरीचा आनंद घेता येणार नाही.

सामान भरताना काय घेऊ नये, याला माझ्या लेखी सर्वाधिक महत्त्व आहे. गुटखा, खैनी, जर्दा आणि चघळायची तंबाखू सिंगापूरमध्ये नेण्यास बंदी आहे. आपल्या गटात कोणाला तंबाखूची सवय असेल तर हे आजच स्पष्ट सांगावे, कारण ‘एक पुडी कोण बघतो’ हे सिंगापूरच्या चांगी विमानतळावर खरे ठरत नाही. च्युइंग गम १९९२पासून तिथे नेता येत नाही. सिगारेटवर करमाफी नसल्याने पाकीट जाहीर करून कर भरावा लागतो. वाफेची ई-सिगारेट दोन्ही देशांत बेकायदा आहे. खसखसही सिंगापूरमध्ये बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. आपल्या घरच्या काळ्या मसाल्यात किंवा लाडवांत खसखस असेल तर ते डबे घरीच ठेवावेत. रक्तदाब, मधुमेह यांची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ वेष्टनात हातातील पिशवीत ठेवावीत. झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामके किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध कोणी घेत असेल तर सिंगापूरच्या नियमांप्रमाणे आधी परवानगी लागते का, हे तपासून घ्यावे.

परतीच्या सामानाबाबत याहून गंभीर इशारा आहे. थायलंडने २०२२मध्ये गांजावरील निर्बंध शिथिल केले होते आणि २०२५मध्ये तो पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीपुरता मर्यादित केला. दरम्यान बँकॉकहून मुंबईत येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत हायड्रोपोनिक (मातीशिवाय पाण्यात वाढवलेला) गांजा सापडण्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर घडले. पकडले जाणाऱ्यांत फुकट सहलीच्या किंवा थोड्या पैशांच्या मोहाने दुसऱ्याची बॅग आणणारे तरुणही असतात. ‘मुंबईत माझा भाऊ घ्यायला येईल, एवढे पार्सल न्या,’ असे सांगणारा माणूस आपल्या तालुक्याचा निघाला तरी नकार द्यावा. सिंगापूरमध्ये अमली पदार्थांच्या तस्करीला फाशीचीही शिक्षा होऊ शकते; तिथे अजाणतेपणाचा बचाव सिद्ध करणे फार अवघड जाते. बुद्धमूर्ती घ्यायची असेल तर थायलंडमधून ती बाहेर नेण्यास तिथल्या ललितकला विभागाचा परवाना लागतो, हेही लक्षात असू द्यावे.

दागिन्यांविषयी आपल्या पत्नीचा प्रश्न रास्त आहे. मंगळसूत्र, दोन बांगड्या, कानातले एवढे नेहमीचे घालून जावे. लग्नसमारंभातला हार आणि तोडे घरी ठेवावेत. गर्दीत ते हिसकावले जाण्याची भीती आहेच, पण परत येताना ‘हे दागिने भारतातूनच नेले होते’ हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला पटवून देण्याची वेळ येऊ शकते. जड दागिने न्यायचेच असतील तर जाताना मुंबई विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. थायलंडमध्ये सोने ९६.५ टक्के शुद्धतेचे असते आणि ते आपल्या बावीस कॅरेटपेक्षा अधिक पिवळे दिसते, त्यामुळे घेण्याचा मोह होतो. परंतु सोन्याच्या दागिन्यांवरील करसवलत वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी असते. आठवडाभराच्या पर्यटकाला ती मिळत नाही. कर भरून हिशेब केला तर जळगावातच सोने घेणे परवडते.

मेहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे, आणि ते आग्रहाने नाही असे आहे. तिथल्या केळीच्या बागा जरूर पाहाव्यात, लागवडीतील अंतर, घड झाकण्याची आणि हाताळणीची पद्धत समजून घ्यावी. मात्र कंद, मुनवे, आंब्याची कलमे, ऑर्किड किंवा बियाणे पिशवीत घालून आणू नये. भारतात रोपे व बियाणे आणण्यासाठी आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. हा नियम कागदी नाही. पनामा रोगाचा, म्हणजे केळीवरील मर रोगाचा, टीआर-४ हा प्रकार आग्नेय आशियातील अनेक देशांत पसरलेला आहे. जळगाव जिल्ह्यात लावली जाणारी केळी ज्या कॅव्हेंडिश गटातील आहेत, त्याच गटाला तो ग्रासतो. त्याची बुरशी मातीत दशकानुदशके टिकते आणि कोणत्याही फवारणीने जात नाही. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशात तो आढळलेला आहे. एका कंदाला किंवा बुटाच्या तळव्याला चिकटलेली माती रावेर, यावल, चोपड्याच्या सबंध पट्ट्याचे नुकसान करू शकते. म्हणून तिथल्या बागेत जाताना वेगळे बूट घालावेत, ते धुऊन आणि निर्जंतुक करून घ्यावेत, आणि शक्य असेल तर ते तिथेच सोडून यावे. मेहुणे अनुभवी शेतकरी आहेत. हे कारण कळल्यावर त्यांनाच इतरांना रोखावेसे वाटेल.

जेवणाचा प्रश्न आपण शाकाहारी असल्यामुळे महत्त्वाचा आहे. थाई स्वयंपाकात भाज्यांतही माशांपासून केलेला रस किंवा कालवांचे सॉस घातले जाते, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगणे पुरत नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत थाई भाषेत ‘जे’ असे लिहिलेले असेल तिथे मांस, मासे, अंडी आणि दूधही नसते, शिवाय कांदा-लसूणही वापरत नाहीत. आमच्या जैन प्रवाशांना मी अशाच ठिकाणी नेतो. सोबत चिवडा, शेंगदाण्याची चटणी, कोरडा खाऊ न्यावा. ताजी फळे, दही, रोपे नेऊ नयेत. मात्र हॉटेलच्या खोलीत शेगडी लावून खिचडी शिजवण्याचा बेत असेल तर तो सोडावा. छताला लावलेल्या धूर ओळखणाऱ्या यंत्राचा भोंगा वाजतो, मजला रिकामा करावा लागतो आणि दंड भरावा लागतो. न्याहारीच्या ठिकाणी ताटात हवे तेवढेच घ्यावे आणि डब्यात भरून नेऊ नये. दुपारसाठी हवे असेल तर आदल्या रात्री विचारून पैसे देऊन बांधून घ्यावे. २०१९मध्ये बाली येथे एका भारतीय कुटुंबाच्या सामानातून हॉटेलच्या वस्तू निघाल्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली, आणि त्यानंतर अनेक निरपराध प्रवाशांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. ‘आम्ही पैसे दिले आहेत’ हे म्हणणे खोलीत राहण्यापुरते खरे आहे. टॉवेल, केस वाळवण्याचे यंत्र किंवा चमचे त्यात येत नाहीत.

सिंगापूरमध्ये फसवणुकीची भीती कमी आणि नियमांची जाणीव अधिक हवी. मेट्रोत खाणे-पिणे, अगदी पाणी पिणेही, मना आहे आणि ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. थुंकणे आणि कचरा टाकणे यांवरचे दंड खरोखर वसूल केले जातात. सार्वजनिक भोजनगृहात रिकाम्या टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट ठेवलेले दिसले तर ती जागा कोणीतरी धरलेली असते. ते पाकीट बाजूला सारून बसू नये. खाऊन झाल्यावर ताटे आणि उष्टे स्वतः ठरलेल्या जागी नेऊन ठेवावे, २०२१पासून ते बंधनकारक आहे. लिटल इंडिया या भारतीय वस्तीच्या भागात आपल्यासारखी माणसे दिसली की आपण घरी आल्यासारखे सैल वागू लागतो. पण तिथले तमिळ कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या सिंगापूरचे नागरिक आहे, त्यांना ‘तुम्ही भारतात परत का येत नाही’ असे विचारू नये. खरेदी १०० सिंगापूर डॉलर किंवा त्याहून अधिक झाली तर पासपोर्ट दाखवून करपरताव्याची नोंद करून घ्यावी. तिथला वस्तू व सेवा कर २०२४पासून ९ टक्के आहे, आणि परतावा विमानतळावर मागता येतो. उपाहारगृहाच्या बिलात सेवाशुल्क धरलेले असते, त्यामुळे वेगळी बक्षिसी अपेक्षित नसते. थायलंडमध्ये मालिश करणाऱ्या व्यक्तीला, बसचालकाला आणि मार्गदर्शकाला मात्र ती द्यावी, आणि चौदा जणांची मिळून एका पाकिटात घालून सर्वांच्या वतीने वडील माणसाने हातात द्यावी.

शेवटी अडचणीच्या वेळेची तयारी. प्रवास विमा घेताना वडीलधाऱ्यांचे जुने आजार लपवू नयेत, नाहीतर रुग्णालयाच्या बिलाच्या वेळी दावा नाकारला जातो. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक उरलेली असावी. त्याच्या छायाप्रती पासपोर्टपासून वेगळ्या पिशवीत असाव्यात. पासपोर्ट हरवला तर आधी स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून ती प्रत घेऊन भारतीय दूतावासात जावे लागते, तिथून परतीसाठी आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. बँकॉकमधील दूतावास सुखुमवित भागातील सोई २३ मध्ये आहे. एक छोटा कागद करून प्रत्येकाच्या खिशात ठेवावा, ज्यांच्याकडे फोन नाही अशा आजी-आजोबांच्या आणि मुलांच्या खिशात तर नक्कीच. त्यावर हॉटेलचे नाव व पत्ता इंग्रजीत आणि थाई लिपीत, सहलप्रमुखाचा क्रमांक, थायलंडसाठी पर्यटक पोलीस ११५५ आणि रुग्णवाहिका १६६९, सिंगापूरसाठी पोलीस ९९९ आणि रुग्णवाहिका ९९५ एवढे लिहिलेले असावे. थाई लिपीतील पत्ता हॉटेलात पोहोचल्याबरोबर स्वागतकक्षातून लिहून घ्यावा, कारण टॅक्सीचालकांना इंग्रजी अक्षरे वाचता येतीलच असे नाही.